सत्यभामाबाईनं लावलेली बोली

बेलसरीच्या बाजारात सत्यभामाबाईचा आवाज ज्यानं ऐकला नाही, तो माणूस एकतर बहिरा असावा नाहीतर सासुरवाडीला पहिल्यांदाच आलेला जावई असावा. परतवाड्याच्या रस्त्यावरचं हे गाव. आता नगरपंचायत झाली म्हणून शहर म्हणायचं, एवढंच. मंगळवारी सकाळी इथं भाजीचा हर्रास होतो. आजूबाजूचे माळी वांग्याचे, कोबीचे, मेथीचे ढीग लावतात, विकणाऱ्या बाया भोवती कोंडाळं करतात आणि मधे उभं राहून बोली पुकारते ती सत्यभामा. आधी हे काम तिच्या नवऱ्याकडं होतं. महादेवरावांचा घसा आजारानं बसला तेव्हा बाजाराचं कसं होणार म्हणून सगळे डोक्याला हात लावून बसले, आणि ही पदर खोचून मधे उभी राहिली. "आता बाई बोली पुकारणार का बाप्पा?" म्हणून चार टाळकी हसली. हसा लेकहो! पुढच्या मंगळवारी तीच टाळकी तिच्यासमोर माल लावायला भांडत होती, कारण हिनं पुकारलेला ढीग मिनिटात उठायचा.

पुढं महादेवराव वारले. हर्रास झाल्यावर सत्यभामा स्वतःचं दुकान मांडते, वांगी, भेंडी, देवाची फुलं. तिच्या शेजारी हमीदाबी बागवान, केळीवाली. दोघींच्या सासवाही याच जागी शेजारी शेजारी बसत. महादेवरावांची तेरवी होईपर्यंत सत्यभामा घराबाहेर पडली नाही, तेव्हा तिच्या वावरातली वांगी हमीदाबीनं आपल्या केळ्यांशेजारी मांडून विकली आणि ओरडून ओरडून स्वतःचा घसा बसवून घेतला. त्याबद्दल दोघींत कधी शब्द झाला नाही. भांडणं मात्र रोज व्हायची, सावलीवरून, पाण्याच्या बादलीवरून, गिऱ्हाइकावरून. ज्या दिवशी त्या भांडत नसत त्या दिवशी बाजारवाल्या बाया विचारत, "तब्येत बरी हाये ना दोघीची?"

आता धर्मेंद्रचं सांगतो, आणि खरं ते सांगतो, उगाच कुणाला राक्षस करण्यात अर्थ नाही. धर्मेंद्र जनहुंकार सेनेचा. हा पक्ष पाच-सहा वर्षांपूर्वी इकडं कुणाला ठाऊक नव्हता. जुना पक्ष म्हणजे खुशालरावांचा, तोच पिढ्यानपिढ्या निवडून येत होता, आणि निवडून आला की अमरावतीला जाऊन बसत होता. बाजारात बायांसाठी संडास बांधला, फीत कापली, फोटो काढले आणि कुलूप लावलं. त्या कुलपाला गंज चढला तरी खुशालरावांना चावी सापडली नाही. बाया दिवसभर पाणी न पिता बसायच्या. धर्मेंद्र आला, त्यानं सगळ्यांसमोर ते कुलूप दगडानं फोडलं. सत्यभामानं स्वतःच्या हातानं गुंफलेला झेंडूचा हार त्याच्या गळ्यात घातला, आणि मनापासून घातला.

तिचा मुलगा शेखर तर त्याच्या मागं वेडाच झाला. शेखर पोलीस भरतीसाठी अमरावतीला खोली करून राहिला होता. धावला, घाम गाळला, थोडक्यात हुकला, पुन्हा हुकला आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायला लागला. खुशालराव म्हणाले होते, "साहेबाशी बोलतो," आणि नंतर त्याचा फोन उचलायचे बंद झाले. धर्मेंद्रनं त्याला शहर उपप्रमुख केलं, चौकातल्या बॅनरवर त्याचा फोटो लावला. सत्तावीस वर्षांच्या त्या पोराला पहिल्यांदा कुणीतरी 'शेखरभाऊ' म्हटलं. आईला यातलं सगळं कळत होतं. म्हणून ती गप्प होती.

पण कुलूप फोडून लोक गोळा झाले, आणि गोळा झालेल्या लोकांना रोज काहीतरी द्यावं लागतं. कुलपं संपली तसा धर्मेंद्रनं नवा नारा काढला, 'आपला बाजार, आपली माणसं'. बागवानांची दुकानं बाजारातून उठवून नाल्यापलीकडं, कोंडवाड्यामागच्या उकिरड्याशेजारी न्यायची. का? तर ते बाहेरचे! अहो, हमीदाबीची नाळ याच गावात पुरलेली आणि हा धर्मेंद्र अकोल्याहून मामाकडं शिकायला आलेला. पण भोंग्यावर खरंखोटं कोण तपासतं? टाळ्या पडल्या. बाजारातल्या 'आपल्या' माणसांच्या दुकानांवर त्या नाऱ्याच्या पाट्या लागल्या. सत्यभामाच्या दुकानावरही शेखरनं एक आणून लावली. तिनं ती पाहिली, काही बोलली नाही, कारण गिऱ्हाईक वाढलं. आणि शेजारी हमीदाबीच्या केळ्यांना संध्याकाळपर्यंत काळे डाग पडायला लागले.

एका मंगळवारी हमीदाबीनं सावलीवरून भांडण केलं नाही. ऊन तिच्या डोक्यावर आलं तरी ती सरकली नाही, काही बोललीही नाही. सत्यभामा म्हणाली, "काहून वं, आज तोंडात मूग भरले का?"

"क्या बोलू सत्याबाई," हमीदाबी म्हणाली, "जागाच जारी तो सावली के वास्ते कायकू लडू?"

सत्यभामानं उठून स्वतःच्या दुकानावरची पाटी काढली आणि गोणपाटाखाली उलटी टाकून तिच्यावर बसली.

तेवढ्यात नगरपंचायतीची निवडणूक लागली. बाजाराचा वार्ड बायांसाठी राखीव निघाला. धर्मेंद्रनं आपल्या वहिनीला, करिश्माताईंना उभं केलं. खुशालरावांचं धाबं दणाणलं. त्यांनी विचार केला, या वार्डात तरेल तर एकच, जिचा आवाज घरोघर ओळखीचा आहे ती. स्वतः तिच्या दुकानापर्यंत चालत आले, तेही चपला धुळीनं भरवून!

"सत्यभामाबाई, पक्षाले तुमची गरज हाये."

"संडासाची चावी सापडली का?" सत्यभामानं विचारलं.

खुशालराव कसनुसं हसले. पण तिनं तिकीट घेतलं. हमीदाबीची जागा वाचवायची तर कुठंतरी उभं राहावं लागणार होतं आणि जुना पक्ष निदान या उठवाउठवीच्या विरोधात असेल, असं तिला वाटलं. शेखर घरी आदळआपट करून गेला. "माय, तू पडशीन!"

"पडली त उठीन. तू पोळी खाय."

अर्ज भरला, पक्षाचा फॉर्म जोडला, माघारीची तारीख गेली, चिन्ह पक्कं झालं. पहिली सभा मारुतीच्या पारासमोर, संध्याकाळी. सगळा बाजार लोटला होता. खुशालरावांनी तिच्या हातात लिहिलेलं भाषण ठेवलं. सत्यभामा सातवी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. माईकसमोर उभी राहून तिनं सुरुवात केली. बंधू-भगिनींनो झालं, विकास झाला, आणि पुढं आलं, "बागवानांची दुकानं नाल्यापलीकडं नेण्याची मागणी आमच्या पक्षाचीच आहे. जनहुंकार नुसती बोलते, आम्ही होळीच्या आत करून दाखवू."

ती थांबली. तेच वाक्य तिनं मनात पुन्हा वाचलं. मग मान वळवून खुशालरावांकडं पाहिलं. ते डोळ्यांनी खुणावत होते, वाचा, वाचा. त्यांचा हिशेब साधा होता, वारं तिकडं वाहतंय तर आपणही पाठ तिकडं करावी, म्हणजे मतं परत येतील. अमरावतीच्या मोठ्या लोकांनीच तसं सांगितलं होतं म्हणे.

सत्यभामाचं डोकं सणकलं. तिनं माईक बाजूला सारला, तिला कशाला हवा माईक! कागद हातात उंच धरला आणि हर्रासाच्या आवाजात ओरडली, "बोला हो! माल आला माल! कोन घेते?"

मग कुणीतरी खुदकन हसलं.

"माल पाहून घ्या बाप्पा! खुशालरावाच्या पाटीत हाये, पन पिकला कोनाच्या वावरात? धर्मेंद्रच्या! काल तो हेच बोलला, आज हे बोलून राहिले. खुशालराव, मी तीस वर्सं हर्रास पाहून राहिली. दुसऱ्याच्या वावरातले वांगे आपल्या पाटीत मांडले त गिऱ्हाईक येईन का? ज्याले तेच वांगे पायजे, तो सरळ वावरवाल्याकडे जाईन ना! तुमच्यापाशी काहून येईन? अन् ज्याले ते नाही पायजे, तो तुमच्या पाटीकडे पाहून नाक मुरडून जाईन. दोन्हीकडून गेले तुमी!"

खुशालरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हा माल मी इकत नाही," सत्यभामा म्हणाली. "माह्या दुकानावर त्यायच्या नाऱ्याची पाटी होती. मीच लावू देली, गिऱ्हाईक वाढलं म्हनून मी गप्प बसली, मले लाज वाटते त्याची. आता आयका. हमीदाबी जाग्यावरून हलली त मीबी हलली. तिच्यासंगं नाल्यापलीकडे उकिरड्यावर दुकान मांडीन अन् हर्रासबी तथीच पुकारीन. मंग या सगळे तिकडे नाक दाबून! अन् हा कागद, एक... दोन... कोनी नाही? तीन! घ्या खुशालराव, तुमचा माल परत."

पुढं बसलेली मैनाबाई मिरचीवाली उठली आणि म्हणाली, "मीबी तथीच मांडीन." तिच्यामागं फुलवाली उठली, लसूणवाली उठली. बाया टाळ्या पिटत हसत होत्या आणि मागं उभी हमीदाबी ओढणीत तोंड खुपसून हुंदके देत होती.

खुशालराव रागानं लालबुंद. पण करतात काय? चिन्ह तिचं, माघार संपलेली, नवा उमेदवार मिळायचा नाही. त्यांनी जीप काढून घेतली, भोंगा काढून घेतला, आणि बाकीच्या वार्डांत आपल्या उमेदवारांना तेच भाषण वाचायला लावलं. धर्मेंद्र मात्र खुश होता. दुसऱ्या दिवशी त्यानं सभेत छाती ठोकून सांगितलं, "हा बाजाराचा वार्डच काय तो निकाल देईन! आमची वहिनी आली त पुढच्या मंगळवारी बागवान नाल्यापलीकडे. नाही आली त मी पुन्हा हा विषय तोंडातून काढनार नाही, मारुतीची शपथ!" शेखरनंच मोबाईलवर ते सगळं काढून गावभर पाठवलं. हरण्याची शंकाच नव्हती ना! बागवानांची गल्ली केवढीशी, बाकी सगळा वार्ड आपला, असं गणित.

आणि इथं धर्मेंद्रनं एक घोडचूक केली.

आमच्याकडं भाजी घेतली की वर मूठभर सांबार आणि दोन हिरव्या मिरच्या फुकट मिळतात. पुण्याकडचे त्याला कोथिंबीर म्हणतात आणि ऐकतो ते खरं असेल तर विकत घेतात बिचारे! वऱ्हाडात सांबाराची मूठ मागावी लागत नाही, तो हक्क आहे. सत्यभामा आणि बाजारच्या बाया सकाळी पाटी डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फेरी करतच होत्या, तोच त्यांचा प्रचार. भाजी तोलायची, सांबार टाकायचा, "ध्यान असू द्या बाई" म्हणायचं. धर्मेंद्रच्या कुणा हुशार सल्लागाराच्या डोक्यात आलं की ही तर मतदारांना आमिष! केली तक्रार. आचारसंहितेचे साहेब गाडीतून आले. भला माणूस होता, बोलताना त्यालाच हसू आवरत नव्हतं.

"बाई, निवडणूक होईपर्यंत फुकट काही देऊ नका. तक्रार आली आहे."

"सांबारबी नाही?"

"सांबारही नाही."

"तक्रार कोनाची?"

साहेबांनी नाव सांगितलं नाही, पण कागद हातात होता आणि सही भली मोठी होती.

सत्यभामानं हात जोडले. "कायदा म्हंजे कायदा. आमी पाळू." आणि बाजारातल्या झाडून सगळ्या बायांनी तो असा काही पाळला की काय विचारता! दुसऱ्या सकाळी कुणाच्याच पिशवीत सांबाराचं एक पान पडलं नाही. गिरजाबाईनं विचारलं, वकीलीणबाईनं विचारलं, मास्तरीणबाईनं दारातून ओरडून विचारलं, "अवं सत्यभामा, सांबार?"

"बंद झाला बाई. धर्मेंद्रभाऊनं तक्रार केली."

"सांबाराची?"

"सांबाराची!"

झालं. वार्डातल्या घराघरात वरणावर सांबार नाही, आलूच्या भाजीत सांबार नाही, चटणी नाही. आणि प्रत्येक घासाला धर्मेंद्रचं नाव! बागवान उठवणं हे भोंग्यातलं बोलणं होतं, कुणाच्या ताटात पडत नव्हतं. पण आपल्या बाजारात आपण एकमेकांना काय द्यायचं तेही आता हा ठरवणार, हे मात्र ताटात दिसलं. वकीलीणबाई विहिरीवर म्हणाली, "आज सांबार बंद केला, उद्या केळंवाली उठवीन, परवा आपल्याले सांगीन का भाजी कोनती करा. हा कोन लागून गेला?" गडीमाणसं जेवताना कुरकुरली की बायका म्हणत, जाऊन तुमच्या धर्मेंद्रले विचारा. करिश्माताई प्रचाराला आल्या तर बाया चहा देत आणि डोळे मिचकावत म्हणत, "सांबार नाही टाकला हो चहात."

शेखरच्याही ताटात फिक्कं वरण. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, तिनं नजर वर केली नाही. दुसऱ्या दिवशी हमीदाबीची केळ्यांची गाडी चिखलात रुतली होती, तिथून जाताना तो थांबला, खांदा लावून गाडी काढून दिली आणि कुणी पाहिलं का म्हणून मागं बघत निघून गेला. पाहिलं होतं सगळ्यांनी.

मतमोजणी नेमकी मंगळवारी आली. खुशालरावांचा निरोप होता, मोजणीला या. सत्यभामा म्हणाली, "मंगळवार हाये, हर्रास कोन पुकारन?" सकाळचा हर्रास पुकारून ती दुकानावर बसली. शेजारी हमीदाबी. पण दोघींचंही लक्ष नव्हतं. सत्यभामानं एका गिऱ्हाइकाला भेंडीऐवजी मिरच्या तोलल्या. हमीदाबी एकच केळ्याचा घड पुन्हा पुन्हा फिरवून ठेवत होती. पुढच्या मंगळवारी हा घड इथं असणार की नाल्यापलीकडं, ते तिकडं शाळेच्या खोलीत ठरत होतं. सत्यभामा येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत होती.

दहाच्या सुमाराला पहिली बातमी आली ती वाईट. खुशालरावांचे उमेदवार पटापट पडत होते. ज्या-ज्या वार्डात तेच भाषण वाचलं होतं, तिथं-तिथं लोकांनी सरळ धर्मेंद्रच्या माणसाला मत दिलं होतं. हमीदाबीनं डोळे मिटले. मैनाबाई म्हणाली, "आता आपला वार्ड रायला."

आणि मग बाजाराच्या तोंडाशी गलका झाला. शेखर पळत येत होता. छातीवर जनहुंकारच्या मोजणी प्रतिनिधीचा बिल्ला, गळ्यात त्यांचाच दुपट्टा, चपला कुठंतरी पडलेल्या. भरतीच्या मैदानावर तो असा धावला असता तर आज फौजदार असता! पाट्या चुकवत, टोपल्या उडवत आला आणि बाजाराच्या मधोमध उभा राहून छाती फुटेल असा ओरडला, "माय निवडून आली! माह्यी माय निवडून आली!"

बाजार फुटलाच म्हणायचा! कुणी फुलं उधळली, कुणी मेथी उधळली, मैनाबाईनं तर भान विसरून लाल मिरच्यांची ओंजळ उधळली आणि सगळा बाजार हसत हसत शिंकायला लागला. सत्यभामा उठली, तिनं शेखरच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग त्याला मिठी मारून ढसाढसा रडली. "कोनाच्या पक्षाचा हाये बे तू?" एकानं शेखरला डिवचलं. शेखरनं बिल्ल्याकडं पाहिलं, जीभ चावली, बिल्ला काढून खिशात टाकला. "पक्ष पाहू नंतर," तो म्हणाला. "माय माहीच हाये ना."

तेवढ्यात खुशालराव जीप घेऊन हजर! हार, गुलाल, बँड, सगळं. त्यांच्या पक्षाची इज्जत राखणारी एवढी एकच जागा आली होती. "पक्षाचा विजय असो!" म्हणून ते सत्यभामाला हार घालायला वाकले.

"खुशालराव," ती डोळे पुसत म्हणाली, "हे वांगं माह्या वावरातलं हाये. पुढच्या खेपी हेच पेरा. चाला, मिरवनूक काढा, पन मी सांगीन तशी."

तिनं हमीदाबीचा हात धरून तिला जीपवर चढवलं. "या अल्ला, गिर जाऊंगी मैं!" हमीदाबी किंचाळत होती आणि सत्यभामाला घट्ट धरून बसली होती. बँड वाजायला लागला. शेखर पुढं चालत गर्दी बाजूला करत होता. चौकात धर्मेंद्र कार्यकर्त्यांसह उभा होता. गाव त्याच्या हाती आलं होतं, पण चेहरा उतरला होता, कारण त्याची ती शपथ प्रत्येकाच्या मोबाईलवर होती. तो माणूस मात्र शब्दाचा निघाला, एवढं म्हणायलाच हवं. त्यानं हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काकू, विषय संपला."

"नाही संपला!" सत्यभामा जीपवरून ओरडली. "संडासाचा नळ बंद हाये! उद्या सकाळी तूबी ये अन् हे खुशालरावबी येतीन. दोघायनं मिळून दुरुस्त करा!"

लोक हसून हसून लोळले. मिरवणूक गाव ओलांडून नाल्यापाशी आली. पलीकडं कोंडवाड्यामागं उकिरडा पसरला होता, डुकरं लोळत होती. ड्रायव्हरनं विचारलं, पूल ओलांडू का?

"थांब," सत्यभामा म्हणाली. बँड थांबला. ती आणि हमीदाबी, दोघींनी ती जागा डोळे भरून पाहून घेतली. हमीदाबी आता रडत नव्हती. सत्यभामानं जीपच्या टपावर हात मारला. "फिरव मांगं. अथीच फिरव. आपल्यातलं कोनी पलीकडे जाऊन नाही राहिलं."

जीप नाल्याच्या काठावरून मागं फिरली. बँडवाल्यांनी पुन्हा सूर धरला, बाया नाचायला लागल्या, आणि हमीदाबी सत्यभामाच्या कानाशी ओरडून म्हणाली, "जल्दी चलने को बोल ना उसकू, सत्याबाई, गिऱ्हाईक खडे रहेंगे मेरे दुकान पे!"